मीठवालीचं सोंग

रविवार, ४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडलंच नाहीस तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर आधी एक कबुली देते. तुझा पत्ता आईने दिला नाही, मी तिच्या वहीतून चोरला. तिच्यावर चिडू नकोस.

सरळ मुद्द्यावर येते. तू पुन्हा मधपेट्या ठेवाव्यास, एवढंच मला हवं आहे. आईने सांगितलं की तू तिला म्हणालीस, "माझ्या हाताला चष्म्याच्या काचा बऱ्या. जीव नकोत." तुझ्या हाताबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. आज सांगत नाही, कारण आज धीर नाही. पण सांगणार आहे, आणि धीर कुठून आणायचा ते मी ठरवलं आहे. हसू नकोस.

झालं असं, की एका गोदामात छताची वाळवी बघायला चढले आणि शिडीसकट खाली आले. घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. तुला ठाऊकच आहे, मी घरी बसले की घराला माझा ताप होतो. चौथ्या दिवशी आईने हात जोडले. मग आमच्या कामावरचा पंपमिस्त्री (तोच, ज्याने तुझ्याकडचं मध काढायचं यंत्र एकदा दुरुस्त करून दिलं होतं) त्याचा गेमचा डबा घेऊन आला आणि टीव्हीला जोडून गेला. एक अफाट मोठं जग आहे त्यात. डोंगर, जंगलं, पडके किल्ले, गावं. हवं तिकडे जा, हवं ते कर. सुरुवातीला विचारतात, तू कोण आहेस? नाक, डोळे, केस, उंची सगळं आपणच ठरवायचं.

मी तासभर बसून एक बाई घडवली. राखाडी वेणी, डाव्या भुवईत चीर, खांदे रुंद, कोट गुडघ्यापर्यंत. आई चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "ही आपली मीठवाली का गं?"

आईलाही आठवते, म्हणजे बघ. गावोगाव फिरून राक्षस मारणाऱ्या त्या बाईची वाचनालयातली पाच तपकिरी पुस्तकं आपण किती वेळा आणली असतील. आणि गच्चीवर तो खेळ. त्यात नेहमी तू मीठवाली, आणि मी बाकी सगळं: राक्षस, राक्षसाची आई, रडणारी विधवा, आणि मधेमधे घोडी. एकदाही तू मला मीठवाली होऊ दिलं नाहीस. म्हणायचीस, "तुला खोटं बोलल्याशिवाय राहवत नाही. मीठवाली खोटं बोलत नाही."

तर आता मी होणार आहे. हा गेम मी तिच्यासारखा खेळणार, तिचे सगळे नियम पाळून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते जमलं की तुला जे सांगायचं ते सांगेन. तुझी परवानगी मागत नाही, फक्त कळवते आहे.

तुझी धाकटी

रविवार, ११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही आलं. येईल अशी अपेक्षाही नव्हती, त्यामुळे पुढे लिहिते.

नियम मला सगळे आठवले, एक वगळता, तोही आईने सांगितला. मीठवाली पायी जाते, कारण तिसऱ्या पुस्तकात घोडी मेल्यावर तिने दुसरी घेतली नाही. गावातल्या शेवटच्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय ती जंगलात पाऊल टाकत नाही. ज्या जनावराबद्दल तक्रार आहे तेवढंच, त्याच्या शेजारच्याला हात लावायचा नाही. गुहेच्या तोंडाशी मूठभर मीठ टाकल्याशिवाय आत शिरायचं नाही. आणि आईने आठवण केलेला: काम झाल्यावर ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर उभं राहून, काय मारलं आणि कसं मारलं ते तोंडावर सांगायचं, मग ते त्याला आवडो न आवडो.

गेमला यातलं काहीच मान्य नाही. त्याला वाटतं मी राजाची हरवलेली वारस आहे आणि आभाळातून येणाऱ्या आगीपासून सगळ्यांना वाचवणार आहे. एक दूत सारखा मागे लागतो. मी त्याला ओलांडून कोंबड्या चोरणाऱ्या कोल्ह्याच्या मागे जाते. नकाशावर नुसतं बोट ठेवलं की क्षणात तिथे पोचता येतं, पण मी चालते. परवा एका खिंडीतून पलीकडे जायला पाऊण तास लागला. मिस्त्री डबा कसा चालतोय बघायला आला होता, तो जांभया देत म्हणाला, "मॅडम, माझं पात्र एवढ्यात दोन राज्यं जिंकतं."

आई म्हणाली, "ही बाई नुसती चालतेच आहे. हिला घरदार नाही का?"

"आई, ती राक्षस मारते."

"मग मार की. चालून मरणारेत का ते?"

पण चालण्यातच मजा आहे, ताई. पहिलं काम मी गिरणीवाल्याच्या गावात घेतलं. रात्री गिरणीत काहीतरी येतं आणि पोती फाडतं. गावात चौदा माणसं, चौदांशी बोलले. तेराव्याने सांगितलं की पोती आतून फाटतात. मग काय ते माझ्या लगेच लक्षात आलं. कीड-उंदीर मारणं हा धंदाच माझा. पोत्यांच्या तळाशी घरटं होतं, उंदरासारखंच पण बकरीएवढं. मीठ टाकलं, आत गेले, दोनदा मेले, तिसऱ्यांदा जमलं. मग गिरणीवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. तो ठरलेलं वाक्य म्हणाला, मी माझं मोठ्याने म्हणाले, टीव्हीच्या या बाजूने. आईने मान डोलावली.

पडल्या पडल्या जुन्या गोष्टी आठवतात. तुझ्या माश्या गेल्या त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले होते, तू शहरातून बरण्या घेऊन येण्याच्याही आधी. तुझं अख्खं अंगण मी झाडून काढलं, तुला मेलेल्या माश्यांचे ते ढीग दिसू नयेत म्हणून. एवढं तरी मी तुझ्यासाठी केलं, हे तुझ्या लक्षात असेल. आई अजूनही सगळ्यांना सांगते.

तुझी धाकटी

मंगळवार, २० फेब्रुवारी

ताई,

आई तुझ्याकडे राहून परत आली. तिने आल्या आल्या बातमी दिली की माझी दोन्ही पत्रं तुझ्या फ्रिजवर आहेत, न उघडलेली, वर मिठाच्या डबीचं वजन. फेकली नाहीस. मला एवढं पुष्कळ आहे. मीही तितकीच हट्टी आहे, तिसरं पाठवते.

गेल्या पत्रात मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, ते नंतर मला बोचलं. अंगण झाडलं ते लिहिलं, आणि त्याच दुपारी काय बोलले ते गाळलं. दुपारी मधपाळ संघाची माणसं आली होती. तू ओसरीवर बसली होतीस. तीन दिवसांपूर्वी माश्यांच्या अंगावरच्या लाल किड्यांसाठी ज्या औषधी पट्ट्या पेट्यांत लावल्यास, त्यांचं पाकीट हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचत होतीस, प्रमाण किती, प्रमाण किती. संघाचा सचिव म्हणाला, पट्ट्यांनी एवढं होत नाही सहसा. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "औषधाचा हात हिचा पहिल्यापासून जड."

तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. त्यानंतर आपण बोललो नाही. तू अकराच्या अकरा पेट्या जाळल्यास, घर सोडलंस आणि तिकडे जाऊन चष्मेवाल्याकडे काचा घासायला लागलीस. सगळ्यांना वाटतं तू माझ्या बोलण्याने दुखावलीस. खरं तर तू माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवलास, आणि ते जास्त वाईट झालं.

ते मी का बोलले, हे अजून लिहिलेलं नाही. येतेय त्याच्याकडे. मीठवालीही वळसा घालूनच जाते, पण पोचते.

मिस्त्री काल पुन्हा आला होता. सहज म्हणाला, "तुमच्या बहिणीला त्या दिवसाचं सांगितलं होतंत ना तुम्ही, पंप बिघडला त्या दिवसाचं?" मी हो म्हटलं. तुला ह्या ओळीचा अर्थ आता लागणार नाही. लागेल.

गेममध्ये माझं बरं चाललं आहे. नऊ कामं झाली. दूत अजून मागे आहे. प्लास्टर येत्या तीन तारखेला काढणार. गल्लीतला दवाखाना रविवारीही उघडा असतो, दुपारी चारला बोलावलं आहे.

धाकटी

रविवार, ३ मार्च

ताई,

आज मी चूक केली, आणि सोंग घेऊनसुद्धा केली.

दलदलीच्या काठी एक गाव आहे. तिथल्या नावाडणीच्या शेळ्या नाहीशा होतात. गावातली सगळी माणसं सांगतात, वेताच्या बेटात एक काळं जनावर राहतं, त्याचंच काम. सकाळी अकराला सुरुवात केली. सगळ्यांशी बोलले. फक्त गावाच्या टोकाला, बांधावर, टोपल्या विणणाऱ्या म्हातारीची एक झोपडी राहिली होती. तिथपर्यंत चालत जायला दहा मिनिटं आणि यायला दहा. घड्याळात तीन वाजून गेले होते आणि मला चारला प्लास्टर काढायला जायचं होतं. म्हटलं, एकच तर राहिली आहे, ती काय वेगळं सांगणार. मीठ टाकलं आणि वेतात शिरले.

ते जनावर फार लढलंच नाही. एकाच जागी उभं राहून अंगावर घेत होतं, मागे सरकत नव्हतं. मेलं. पडद्यावर अक्षरं आली: काम पूर्ण. पुढे जाऊन बघते तर त्याच्या मागे एक जुनी विहीर, कठडा पडलेली.

दवाखान्यातून पाय मोकळा करून आले आणि पहिल्यांदा त्या म्हातारीकडे गेले. ती म्हणाली, विहिरीत जे आहे त्याला हे काळं वर येऊ देत नव्हतं. शेळ्या विहिरीतलं नेतं. काळं बसलं होतं म्हणून पोरं तरी वाचली होती.

ताई, मी तशीच उठून नावाडणीकडे गेले. नियमाप्रमाणे तोंडावर सांगायचं म्हणून. तिच्यासमोर उभी राहिले. गेममध्ये असं असतं, की समोरच्याशी बोलायला आपल्याला तयार ओळी देतात, त्यातली एक निवडायची. मला तीन ओळी दिल्या: "काम झालं." "माझं बक्षीस दे." "मी निघते." मी चुकीचं जनावर मारलं, ही ओळच नाही. मी बक्षीस तिच्या दारात टाकलं. कोट काढून टाकला. तलवार टाकली. गावभर फिरून पुन्हा आले. ती दरवेळी हसून म्हणते, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही सुखाने झोपतो." त्याच चेहऱ्याने, त्याच आवाजात. सात-आठ वेळा तरी ऐकलं असेल मी.

आई शेजारी बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "अगं, बोल की तिला. मूग गिळून काय उभी आहेस?"

"इथे ते वाक्यच नाही, आई."

"मग तुझं तू बोल. तोंड काय त्यांनी दिलंय?"

मी रिमोट ठेवला आणि बोलले. नावाडणीशी नाही, आईशी. जे तुला एवढे दिवस सांगत नव्हते ते सगळं तिला सांगितलं. तिने टीव्ही बंद केला. लसणाच्या साली एका जागी गोळा केल्या. मग म्हणाली, "आणि झाडू मी दिला होता तुझ्या हातात."

पुढे एवढंच म्हणाली, "आता तिला कळव. मी सांगणार नाही, तुझं तू."

उद्या लिहिते. उद्या म्हणजे उद्याच.

धाकटी

सोमवार, ४ मार्च

ताई,

या पाकिटाबरोबरच तुला एक पिवळं कार्ड मिळेल, पाकिटाशिवाय, उघडं. तू पाकिटं उघडत नाहीस म्हणून ते तसं पाठवलं. पोस्टमन वाचेल, वाचू दे. तू ते ओळखशील. फवारणीच्या आधी आम्ही आजूबाजूच्या मधपाळांना पाठवतो तेच छापील कार्ड, दोन दिवस आधी पोचलं पाहिजे असा नियम असलेलं. त्यावर माझ्याच अक्षरात तुझं नाव आहे आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख: मंगळवार, १६ मार्च, पहाटे पाच ते सात, कारखान्याच्या कुंपणालगतची झाडं, अळ्यांसाठी फवारणी. ते मी तेव्हा लिहिलं होतं. टाकलं नव्हतं. खाली आज एक ओळ वाढवली आहे: तुझ्या माश्या माझ्या फवारणीने मेल्या, तुझ्या पट्ट्यांनी नाही.

आता सगळं क्रमाने सांगते.

फवारणीच्या नऊ दिवस आधी, रविवारी, तुझ्याकडे पाहुणे होते. तू त्यांना मध चाखायला दिलास आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "एका आईच्या दोघी, एक मध काढते, एक विष मारते." सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मला इतका राग आला की ठरवलं, आता आपणहून बोलायचं नाही, आधी तिने फोन करायचा. कार्ड लिहून पिशवीत ठेवलं होतं. टाकणं म्हणजे आपणहून बोलणं असं मला वाटलं. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई मी, आणि कट्टी धरून बसले होते. म्हटलं, पहाटे पाचला सुरू करून सातला संपेल, माश्या ऊन चढल्यावर बाहेर पडतात, तोवर सुकेल. कार्डाची गरजच काय.

साडेपाचला पंपाचं नोझल तुंबलं. मिस्त्रीला बोलावलं, तो आला, दुरुस्त होईस्तोवर नऊ वाजले. झाडं फुलांनी भरली होती. दुपारी कारखान्यात तपासणी होती आणि त्यांचा माणूस डोक्यावर उभा होता. तिथून तुझ्या पेट्या दीड किलोमीटर. माझ्या समोर, माझ्या डोळ्यांदेखत, फुलांवर माश्या होत्या, ताई. मला त्या दिसल्या. कुणाच्या ते मला कळलं. आणि मी पंप सुरू केला. मला वाटलं, थोड्याच मरतील. खरंच असं वाटलं होतं, आणि ते किती हलकट वाटणं होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फोन केला. मी धावत आले. पेट्यांसमोर ढीग पडले होते आणि प्रत्येक माशीची जीभ बाहेर होती. फवारणीच्या विषाने मेलेल्या माशीची जीभ बाहेर येते, हे तूच मला शिकवलं होतंस. तू आली असतीस तर एका नजरेत तुला कळलं असतं. म्हणून मी झाडलं. तुला दिसू नये म्हणूनच झाडलं, पण तुझ्यासाठी नाही.

तू आल्यावर पहिला प्रश्न मलाच विचारलास, "तुमची कुठे फवारणी होती का गं जवळपास?" मी म्हणाले, नाही. तू लगेच विश्वास ठेवलास. गच्चीवर मला कधी मीठवाली होऊ न देणारी तू, त्या दिवशी मात्र विश्वास ठेवलास. दुपारी सचिव पट्ट्यांबद्दल शंका काढायला लागला तेव्हा मी घाबरले, आणि ते हाताचं वाक्य बोलले.

तुझा हात जड नाही. तुझं प्रमाण बरोबर होतं. मी नंतर ते पाकीट तपासलं, तुझ्या वहीतली नोंद तपासली, कणभरही चूक नव्हती. अकरा पेट्या तू उगाच जाळल्यास, आणि तुझ्या हातात काडी मी दिली.

सोबत आमच्या कामाच्या नोंदीची प्रत आहे, वेळेसकट. माफी मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. मला खूप वाईट वाटतं, ते तीन वर्षं रोज वाटतं आहे. पण त्याचं तू काही करावंस असं नाही. तू फक्त पेट्या ठेव.

धाकटी

मंगळवार, १९ मार्च

ताई,

तोंडावर सांगायचं म्हणजे ज्यांच्या देखत खोटं बोलले त्यांनाही सांगायला हवं. म्हणून हे कळवते आहे.

मागच्या सोमवारी ऑफिसात लेखी दिलं. साहेबांनी वाचलं, कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं आणि म्हणाले, "तीन वर्षांपूर्वीचं मढं आता कशाला उकरताय? कुणी तक्रार केलीय का?"

म्हटलं, "नाही. म्हणूनच मी करतेय."

वरिष्ठांकडे गेलं. वर्षभर माझं फवारणीचं लायसन्स बंद. तळघरात उंदरांचे सापळे लावते आणि दुपारी सूचनेच्या कार्डांचं टेबल सांभाळते. ते टेबल मीच मागून घेतलं. साहेबांना वाटलं शिक्षा म्हणून मागतेय. सगळ्या शाखांची वेळापत्रकं आता माझ्याकडून जातात, तुझ्या गावचीही. मिस्त्रीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातली पोळी पुढे केली आणि म्हणाला, "मला 'हो' म्हणाला होतात तुम्ही." त्याचंही बरोबर आहे.

शनिवारी संघाच्या बैठकीला गेले. बावीस माणसं होती. उभी राहिले आणि सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच, कार्ड, नोझल, झाडू, सगळं. सचिव शेवटी म्हणाला, "बाई, बसा." एक जण उठून निघून गेला. बाकीच्यांनी तुझा पत्ता मागितला, मी दिला नाही. तुला विचारून दे असं आईला सांगितलं आहे.

गेम मी संपवला नाही, संपवणारही नाही. मीठवाली दलदलीच्या गावात राहिली आहे. विहिरीतल्या त्या दुसऱ्या जनावराला मी अजून हरवू शकत नाही, म्हणून सकाळी कामाला जाण्याआधी अर्धा तास विहिरीपाशी जाऊन उभी राहते. ते वर येतं, मी त्याला परत आत ढकलते. गेममध्ये हे काम म्हणून कुठे लिहिलेलं नाही. कुणी धन्यवाद म्हणत नाही, ते बरं वाटतं.

धाकटी

रविवार, ७ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड काल आलं. आईने ते आधी वाचलं, मग मी, मग पुन्हा आईने.

"सगळी पत्रं एका बैठकीत वाचली. दोन पेट्या येत आहेत. मैदानाच्या कडेला ठेवणार आहे. तू येऊ नकोस. कधी ये म्हणेन का, माहीत नाही."

मी ते वाचून रडले, आणि आनंदाने रडले हे तुला सांगायला लाज वाटत नाही. दोन पेट्या. आई म्हणते, "ती रागात लिहिते तसं. तू जा, मी असते मधे." मी नाही म्हटलं. तू येऊ नकोस लिहिलं आहेस, मी येणार नाही. आईबरोबर निरोपही पाठवणार नाही, आणि तिला परत आल्यावर खोदून विचारणारही नाही. एक मात्र कळव म्हणून तिला सांगितलं: माश्या बसल्या का. त्याचं तिने 'हो' किंवा 'नाही' सांगायचं, बाकी काही नाही.

मलाही तुला आता कामाचंच लिहायचं आहे. यापुढची पत्रं अशीच येतील, छापील कार्डावर. हे पहिलं पत्रातच लिहिते, कारण कार्डं उद्या छापून येणार आहेत आणि मला उद्यापर्यंत थांबायचं नाही.

गुरुवार, ११ एप्रिल. संध्याकाळी सात ते नऊ. बसडेपोच्या मागची झाडं, अळ्यांसाठी. तुझ्या मैदानापासून सव्वा किलोमीटर. बुधवारी माश्या घरी परतल्या की पेट्यांची दारं बंद करावीत, शुक्रवारी सकाळी उघडावीत. आत हवा खेळती ठेवावी. हे तुला सांगायला नको, पण सूचनेत लिहायचं असतं.

वेळ बदलली तर मी स्वतः फोन करेन. तू उचलू नकोस, आठ वेळा वाजला की समज वेळ बदलली आणि दारं आणखी एक दिवस बंद ठेव.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. दारं मात्र बंद कर.

धाकटी